अंतराळसेनेचे पोलीस कसे असावेत?

कागद, पेन्सिल, दोन फासे आणि चार-पाच डोकी एवढे साहित्य जमले की एक अख्खे जग उभे करता येते. ह्या खेळाला आपण भूमिकाखेळ म्हणू. त्यात एक जण सूत्रधार होतो. तो जगाचे वर्णन करतो, संकटे उभी करतो. बाकीचे त्या जगातली माणसे होतात : कोणी यानचालक, कोणी डॉक्टर, कोणी शिपाई. 'मी दार उघडतो', 'मी लपून बसतो' असे ज्याने त्याने सांगायचे आणि बेत तडीस गेला की फसला, ते फाशांवर ठरवायचे. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा अशा प्रकारचा छापील खेळ विक्रीस आला. त्यात जादूगार आणि राक्षस होते. १९७७ साली मार्क मिलर ह्यांचा 'ट्रॅव्हलर' आला आणि हाच खेळ ताऱ्याताऱ्यांमधल्या प्रवासाला लागला.

अंतराळातले जग रचायचे म्हटले की सेना येतेच आणि सेना आली की तिच्यावर वचक ठेवणारे लष्करी पोलीसही येतात. पण हे पोलीस रचताना बहुतेक जण सुरुवात कोठून करतात? काळा पोशाख, चेहरा झाकणारे शिरस्त्राण, हातात किरणांची बंदूक, छातीवर चांदणी! चित्र झकास होते. परंतु हा पोलीस दिवसभर काय करतो, कोणाला अटक करू शकतो आणि त्याने आगळीक केली तर त्याला कोण पकडतो, हे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात.

माझे मत असे की हा क्रम उलटा हवा. पोशाख शेवटी आणि मर्यादा आधी. काही मर्यादा निसर्ग घालतो, काही कायदा घालतो. ह्या दोन्ही नीट मांडल्या तर पोशाखही आपोआप सुचेल आणि खेळही रंगेल. एवढेच नव्हे, तर खेळ संपल्यावर उपयोगी पडेल असे काही तुमच्या हाती लागेल.

लष्करी पोलीस म्हणजे कोण?

आधी पृथ्वीवरचे लष्करी पोलीस पाहू. आपल्या भूसेनेत 'कोअर ऑफ मिलिटरी पोलीस' ह्या नावाचे दल आहे. लाल रंगाची बॅरे टोपी ही त्यांची खूण. त्यांचे प्रशिक्षण केंद्र बंगळूरला आहे. २०२१ च्या मे महिन्यात ८३ महिला सैनिकांची पहिली तुकडी तेथून शिकून बाहेर पडली. 'सेवा तथा सहायता' हे ह्या दलाचे ब्रीदवाक्य.

हे पोलीस करतात काय? लष्करी वाहनांचे तांडे वेळेवर आणि न अडखळता पुढे सरकतील असे पाहणे, छावणीत शिस्त राखणे, पळून गेलेल्या सैनिकांचा शोध घेणे, युद्धकैदी सांभाळणे अशी त्यांची कामे. चकमकी आणि पाठलाग ह्यांपेक्षा चौकात उभे राहून रस्ता मोकळा करण्याचे काम कितीतरी जास्त. दहा हजार सैनिकांचा शिधा एका अरुंद पुलावरून जायचा असेल तेव्हा त्या पुलावरच्या शिपायाचे मोल सेनापतीला बरोबर कळते.

आता कायदा पाहा. १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये १०७ वे कलम प्रोव्होस्ट मार्शलविषयी आहे. प्रोव्होस्ट मार्शल म्हणजे लष्करी पोलिसांचा अधिकारी. गुन्हा करणाऱ्याला अटक करून खटल्यासाठी ताब्यात ठेवण्याचा अधिकार हे कलम त्याला देते. लष्करी न्यायालयाने ठोठावलेल्या शिक्षेची अंमलबजावणीही तो करू शकतो. पण लगेच पुढे म्हटले आहे की स्वतःच्या अधिकारात त्याने कोणतीही शिक्षा करता कामा नये. शिवाय, कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याला अटक करायची असेल तर दुसऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो.

ही दोन वाक्ये नीट लक्षात ठेवा. पुढे त्यांच्याशी आपले काम आहे.

बातमीचा वेग, माणसाचा वेग

पोलिसांना किती अधिकार द्यावे लागतील हे कशावर ठरते? वरिष्ठांना बातमी पोचायला आणि माणसाला न्यायालयापर्यंत न्यायला किती वेळ लागतो, ह्या दोन गोष्टींवर ते पुष्कळसे अवलंबून असते. ठाण्यात टेलिफोन असला की फौजदार वरिष्ठांना विचारू शकतो. टेलिफोन नसेल तर त्याला स्वतःच ठरवावे लागते.

इतिहासातले एक उदाहरण घ्या. २८ एप्रिल १७८९ रोजी दक्षिण पॅसिफिक महासागरात 'बाउंटी' ह्या ब्रिटिश आरमारी जहाजावर बंड झाले. कप्तान ब्लाय आणि त्याच्याशी इमान राखणाऱ्या १८ जणांना एका उघड्या होडीत बसवून सोडून देण्यात आले. ब्लाय इंग्लंडला पोचला तो मार्च १७९० मध्ये. बंडाची बातमी पोचायलाच जवळजवळ ११ महिने लागले! बंडखोरांना पकडण्यासाठी 'पँडोरा' हे जहाज नोव्हेंबर १७९० मध्ये निघाले आणि मार्च १७९१ मध्ये ताहितीला पोचले. तेथे १४ जण हाती लागले. त्यांचा खटला उभा राहिला सप्टेंबर १७९२ मध्ये. गुन्हा आणि न्याय ह्यांच्यात साडेतीन वर्षांचे अंतर पडले. येथे बातमीचा वेग आणि माणसाचा वेग एकच होता : शिडाच्या जहाजाचा.

'ट्रॅव्हलर' खेळात नेमकी हीच परिस्थिती मुद्दाम उभी केली आहे. तेथे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारायला यानाला सुमारे एक आठवडा लागतो आणि यानापेक्षा वेगाने संदेश पाठवण्याचे कोणतेच साधन नाही. साम्राज्य भलेमोठे, पण बातमी टपालाच्या गतीची. मला हा नियम फार आवडतो. त्यामुळे प्रत्येक दूरच्या ठाण्यावरच्या माणसाला स्वतःची अक्कल चालवावी लागते.

आता आपल्याच सूर्यमालेतली तिसरी परिस्थिती पाहू. समजा, तुमचे ठाणे सीरिझवर आहे. सीरिझ हा मंगळ आणि गुरू ह्यांच्या मधल्या पट्ट्यातला बटुग्रह. त्याचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर. २०१५ ते २०१८ ह्या काळात 'डॉन' यानाने त्याच्याभोवती फिरून त्याची पाहणी केली, तेव्हा तेथे पाण्याचा बर्फ असल्याची खात्री पटली. पाणी आहे म्हणजे पिण्याची सोय आहे, प्राणवायू मिळवण्याची सोय आहे आणि अग्निबाणाच्या इंधनाचीही सोय आहे. ठाणे वसवायला जागा उत्तम!

प्रकाश आणि रेडिओलहरी सेकंदाला ३ लक्ष किलोमीटर धावतात. तरीही सीरिझवरून पृथ्वीवर संदेश पोचायला सुमारे पाव तास ते अर्धा तास लागेल. प्रश्न विचारून उत्तर मिळायला अर्धा ते एक तास. आणि माणूस? कमीत कमी इंधनात जाण्याच्या नेहमीच्या मार्गाने तेथून पृथ्वीवर यायला सुमारे साडेपंधरा महिने लागतील. शिवाय असा प्रवास हव्या त्या दिवशी सुरू करता येत नाही. दोन ग्रह योग्य जागी आले पाहिजेत आणि तशी संधी सुमारे सव्वा वर्षातून एकदा येते.

म्हणजे येथे बातमी धावते आणि माणूस रांगतो. न्यायाधीशाला पृथ्वीवर बसून सगळा कागद वाचता येईल, साक्षी ऐकता येतील. पण आरोपी त्याच्यासमोर उभा राहायला अडीच-पावणेतीन वर्षेही लागू शकतील. तोवर त्याला ठेवायचे कोठे? साडेचारशे माणसांच्या ठाण्यात एकच शल्यविशारद असेल आणि तोच आरोपी असेल तर? कोठडीतून त्याला शस्त्रक्रियेला बाहेर काढायचे की नाही? पाहा, अजून आपण बंदुकीला हात लावलेला नाही आणि गोष्ट मात्र सुरू झाली!

म्हणून माझा पहिला नियम : ठाण्याचे नाव लिहिण्याआधी बातमीला लागणारा वेळ आणि माणसाला लागणारा वेळ असे दोन आकडे लिहा. पोलिसांचे अधिकार त्यांवरून ठरवा.

सीरिझवरचा पाठलाग

आता निसर्गाच्या मर्यादा. सीरिझवरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीवरच्या सुमारे एक पस्तिसांश. पृथ्वीवर जो शिपाई अर्धा मीटर उंच उडी मारतो तो तेवढ्याच जोराने तेथे साधारण १७ मीटर वर जाईल आणि खाली यायला एकंदर २२ सेकंद घेईल. ह्या २२ सेकंदांत त्याला दिशा बदलता येणार नाही, थांबता येणार नाही. चोर कोपऱ्यावर कठडा धरून वळला की आपले शिपाईमामा हवेत तरंगत त्याच्याकडे पाहत राहणार! आणि बोगद्याचे छत ३ मीटरवर असेल तर डोके आपटणार. वजन कमी झाले तरी वस्तुमान तेवढेच राहते. ८० किलोचा माणूस भिंतीवर ज्या वेगाने आदळेल त्या वेगाचा मार त्याला पृथ्वीवरच्याइतकाच बसेल.

तेव्हा सीरिझचा पोलीस धावणार नाही. तो दोर, कठडे, जाळी आणि चिकटणारे बूट वापरील. पोशाखात आकडे आणि पट्टे येतील. बघा, पोशाख असा आपोआप सुचतो.

बंदुकीविषयी दोन गैरसमज फार पसरले आहेत. पहिला असा की अंतराळात गोळी झाडली तर झाडणारा दूर फेकला जातो. हिशेब करून पाहू. गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३६० मीटर. झाडणारा पोशाखासकट १०० किलो. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने तो मागे सरकेल सेकंदाला जेमतेम ३ सेंटिमीटर ह्या वेगाने. फेकला वगैरे जाणार नाही. हात लांब करून झाडली तर मात्र तो हळूहळू गिरकी घेऊ लागेल आणि दुसरा नेम चुकेल.

दुसरा गैरसमज असा की भिंतीला गोळीचे भोक पडले की सगळी हवा भस्सकन निघून जाते. ९ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून सेकंदाला साधारण १० ते १५ ग्रॅम हवा निघेल. ३०० घनमीटरच्या दालनात सुमारे ३६० किलो हवा असते. म्हणजे भोक बुजवायला चांगला अवधी मिळेल. खरा धोका वेगळाच आहे. ती गोळी भिंतीऐवजी विजेच्या तारांना, शीतकाच्या नळीला किंवा हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राला लागली तर?

ठाण्याबाहेर, उघड्या पृष्ठभागावर, आणखी एक गंमत आहे. काडतुसातल्या दारूला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो, म्हणून निर्वातातही गोळी सुटते. सीरिझच्या पृष्ठभागालगत कक्षेत फिरत राहायला लागणारा वेग सेकंदाला सुमारे ३६० मीटरच आहे, म्हणजे साध्या पिस्तुलाच्या गोळीइतका! ध्रुवावर उभे राहून गोळी आडवी झाडली आणि वाटेत डोंगर आडवा आला नाही, तर ती बटुग्रहाला वळसा घालून सव्वादोन तासांनी झाडणाऱ्याच्या पाठीमागून येऊ शकेल. कर्म फिरून आपल्याकडेच येते म्हणतात, ते येथे शब्दशः खरे ठरेल. असे शस्त्र तुम्ही आपल्या पोलिसांना द्याल का? मी देणार नाही.

हवेच्या चाव्या

मग चोराला पकडण्याचा सर्वांत सोपा मार्ग कोणता? त्याच्या दोन्ही बाजूंची हवाबंद दारे लावून टाकणे. ना धावपळ, ना गोळीबार. दाराच्या एका बाजूला हवेचा दाब आणि दुसऱ्या बाजूला निर्वात असेल, तर २ चौरस मीटरच्या दारावर सुमारे २० टनांचा दाब पडतो. कोणीही ते दाबाविरुद्ध ओढून उघडू शकणार नाही.

पण थांबा. येथेच सगळ्यांत मोठा धोका आहे. बंद दालनात माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो आणि तो जवळजवळ एक किलो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो. ३० घनमीटरच्या खोलीत हवा बदलली नाही तर एका दिवसात त्या वायूचे प्रमाण पावणेदोन टक्क्यांपर्यंत जाते. बाहेरच्या मोकळ्या हवेत ते ०.०४ टक्का असते. प्राणवायू संपण्याच्या पुष्कळ आधी डोके दुखू लागते, विचार गोंधळतो, धाप लागते.

म्हणजे ज्याच्या हाती दाराची कळ, त्याच्याच हाती आतल्या माणसाचा श्वास. पृथ्वीवरच्या अत्यंत जुलमी कोतवालालाही गावाची हवा बंद करता येत नव्हती. अंतराळातल्या कोतवालाला ती बोटाने बंद करता येईल. 'कबूल हो, नाहीतर पंखा बंद करतो' एवढे म्हणायचा अवकाश, की तपास संपला आणि छळ सुरू झाला.

ही भीती काल्पनिक वाटते का? पुन्हा 'पँडोरा' जहाजाकडे चला. पकडलेल्या १४ जणांपैकी काहींना बंडखोरांनी जबरदस्तीने थांबवून ठेवले होते. हे ब्लायने स्वतःच कळवले होते. तरीही कप्तान एडवर्ड्सने सरसकट चौदाही जणांना बेड्या घालून जहाजाच्या डेकवर बांधलेल्या ११ फूट बाय १८ फुटांच्या एका पेटीत कोंडले. ऊन, पाऊस, घाण सगळे तेथेच. ऑगस्ट १७९१ मध्ये जहाज ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रवाळभित्तीवर आपटून बुडाले. त्यात ३१ खलाशी आणि ४ कैदी मेले. उरलेल्या दहांवर खटला चालला, तेव्हा त्यांपैकी चौघे निर्दोष सुटले. सहांना फाशीची शिक्षा झाली आणि प्रत्यक्षात तिघांना फाशी दिले गेले. जे चौघे बुडाले, त्यांच्यापैकी कोण दोषी आणि कोण निर्दोष ह्याचा निवाडा कधीच झाला नाही. एडवर्ड्सचे काम त्यांना पकडून आणण्याचे होते. शिक्षा त्याने वाटेतच सुरू केली होती.

म्हणून माझा दुसरा नियम : हवा, पाणी आणि ऊब ह्यांच्या चाव्या पोलिसांच्या हाती असू नयेत. त्या अभियंत्यांकडे असाव्यात. पोलिसाने दार लावण्याची मागणी करावी. अभियंत्याने आतली हवा चालू असल्याची खात्री करून ते लावावे. आतून उघडण्याचा आणीबाणीचा दांडा असावा. आणि तिसरा नियम : जो पकडतो त्याने निवाडा करू नये आणि शिक्षाही ठरवू नये. आर्मी ॲक्टच्या कलमातले ते वाक्य तुमच्या सीरिझच्या ठाण्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

खऱ्या अंतराळात काय चालते?

तुम्ही म्हणाल, ही सगळी पुढच्या शतकांची चर्चा. तसे नाही. नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात माणसे सतत राहत आली आहेत. त्या स्थानकासाठी १९९८ साली झालेल्या कराराच्या २२ व्या कलमात ठरले आहे की भागीदार देशाचा नागरिक गुन्ह्याचा आरोपी असेल, तर त्याच्यावर मुख्यतः त्याच्याच देशाचा कायदा चालेल. स्थानकावर वेगळा पोलीस नाही. शिस्त राखण्याची जबाबदारी स्थानकप्रमुखाची असते.

२०१९ मध्ये एका अंतराळवीर महिलेवर आरोप झाला की तिने स्थानकातून दुसऱ्याच्या बँक खात्यात अनधिकाराने डोकावले. अंतराळातला पहिला गुन्हा म्हणून वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. पुढे तपास झाला आणि खोटी माहिती दिल्याबद्दल आरोप ठेवला गेला तो तक्रार करणाऱ्या व्यक्तीवरच. आरोप झाला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नाही, हे अंतराळातही खरे आहे.

त्याच्या आदल्या वर्षीची घटना तर एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस स्थानकाला जोडलेल्या 'सोयुझ' यानाच्या भिंतीत सुमारे २ मिलिमीटरचे भोक सापडले. हवा हळूहळू गळत होती. स्थानकावर सहा जण होते. त्यांनी ते बुजवले. पण भोक पडले कसे? जमिनीवर बांधणीच्या वेळी, की वर? तऱ्हेतऱ्हेचे संशय घेतले गेले. ११ डिसेंबर २०१८ रोजी दोन रशियन अंतराळवीर बाहेर पडले आणि यानाचे आवरण कापून त्यांनी भोकाच्या जागेचे नमुने घेतले. यानाचा तो भाग परतीच्या वाटेवर वातावरणात जळून जाणारा होता. म्हणजे मुख्य पुरावाच भस्म होणार होता! साक्षीदार तेच, संशयित तेच आणि तपासनीसही तेच. सर्वांनी मान्य केलेला निष्कर्ष काही जाहीर झाला नाही.

अंटार्क्टिकावरचा मार्ग आणखी वेगळा. तेथे मॅक्मर्डो ह्या अमेरिकी तळावर पोलीसठाणे नाही. तळाच्या प्रमुखालाच विशेष उपमार्शल म्हणून शपथ दिलेली असते. छोट्या वस्तीत ही सोय काटकसरीची खरी, पण प्रमुख आणि पोलीस एकच झाला की प्रमुखाविरुद्ध तक्रार कोठे करायची हा प्रश्न उरतोच.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. १९६७ च्या अंतराळ कराराच्या चौथ्या कलमाने चंद्रावर आणि इतर खगोलांवर लष्करी तळ उभारण्यास, शस्त्रांच्या चाचण्या करण्यास मनाई केली आहे. संशोधनासाठी किंवा इतर शांततेच्या कामासाठी लष्करातली माणसे पाठवायला मात्र हरकत नाही. मग तुमचे सीरिझचे लष्करी ठाणे कायदेशीर कसे झाले? करार बदलला का? मोडला का? कोणी मोडला? ह्याचे उत्तर तुमच्या जगाच्या पहिल्या पानावर हवे.

'पण हा तर खेळ आहे!'

दोन आक्षेप मला आताच ऐकू येत आहेत.

पहिला : 'एवढे नियम घातले तर मजा काय राहिली?' मला नेमके उलटे वाटते. बुद्धिबळातला घोडा हवा तसा धावू लागला तर डाव पाच मिनिटांत कंटाळवाणा होईल. अडीच घरांच्या बंधनामुळेच तो घोडा होतो. सर्वशक्तिमान पोलिसाच्या गोष्टीत पहिल्याच पानावर चोर सापडतो. ज्याला उडी मारून चालत नाही, गोळी झाडून चालत नाही, दार लावायला परवानगी लागते आणि उत्तराला तासभर थांबावे लागते, असा शिपाई डोके लढवतो. डोके लढवणे हीच भूमिकाखेळातली मजा आहे. 'ट्रॅव्हलर'मध्ये प्रत्येक जगाला कायद्याच्या कडकपणाचा एक आकडा दिलेला असतो. कोणती शस्त्रे बंद आणि पोलिसांचा ससेमिरा किती, हे त्यावरून समजते. कल्पना चांगली आहे. पण माझ्या मते त्याच्या शेजारी दुसरा आकडा हवा : पोलिसांवर वचक किती?

दुसरा आक्षेप : 'सगळीकडे कॅमेरे आणि संगणक बसवा. माणूस हवाच कशाला?' कॅमेरा काय झाले ते दाखवील, का झाले ते दाखवणार नाही. शिवाय कॅमेऱ्यातली चित्रे ज्याच्या ताब्यात, तो ती पुसूही शकेल. उपाय साधा आहे. ठाण्यावरची प्रत्येक नोंद त्याच क्षणी पृथ्वीकडे आपोआप रवाना व्हावी. एकदा निघालेली रेडिओलहर सेनापतीलाही परत बोलावता येत नाही! निसर्गाची मर्यादा येथे कायद्याच्या मदतीला येते.

खेळ खेळच असतो, हे मला मान्य आहे. पण खेळताना आपण एखाद्या भूमिकेत तासन् तास बोलतो, हुकूम सोडतो, निर्णय घेतो. अंगावर खोटा का होईना, अधिकार चढतो. तो अधिकार कसा वापरायचा ह्याची ती तालीमच असते. कुंपणच शेत खाऊ लागले तर काय करायचे, हा प्रश्न मोठेपणी मतदार, अधिकारी किंवा शिपाई म्हणून तुमच्यासमोर येणार आहे. तो आधी फाशांच्या खेळात आला तर काय बिघडले?

आता तुम्ही रचा

एक कागद घ्या. ठाण्यावर माणसे किती ते लिहा. एक पहारा चोवीस तास चालवायचा तर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, आणि आजारपण व सुट्टी धरून एका जागेला पाच माणसे. धक्क्यावरचा पहारा आणि कोठडी अशा दोन जागा आणि दोन तपासनीस धरले तर बारा पोलीस झाले. त्यांच्या कामाची यादी करा. याने गोदीत लावणे-सोडणे, मालाचे वजन तपासणे, आगीच्या कवायती घेणे ही कामे आधी लिहा. चोर-पोलीस शेवटी. मग ते कोणाला जबाबदार ते ठरवा. माझी सूचना अशी की ते ठाण्याच्या प्रमुखाला जबाबदार नसावेत. त्यांची वरिष्ठांची साखळी वेगळी असावी. सगळे झाले की मग रंगपेटी उघडा आणि खुशाल पोशाख रंगवा.

आणि एक कोडे. आर्मी ॲक्टमधले दुसरे वाक्य आठवते ना? अधिकाऱ्याला अटक करायला दुसऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. तुमच्या जगातही हाच नियम आहे असे धरा. सीरिझच्या ठाण्यावर अधिकारी एकच उरला आहे. तो रात्री हवेच्या यंत्राजवळ गेला, असे एका लान्सनायक बाईंनी पाहिले आहे. दालन क्रमांक ४ मध्ये ११ माणसे झोपली आहेत आणि तेथला कार्बन डाय-ऑक्साइड वाढू लागला आहे. पृथ्वीवरून हुकूम यायला ५५ मिनिटे लागतील.

लान्सनायक बाईंनी काय करावे? नियम मोडावा? की नियमात राहूनच वाट शोधावी? घाई करू नका. अटक करणे, अडवणे, दार उघडणे आणि माणसांना जागे करणे ह्या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र ध्यानात ठेवा. फासे टाकण्याआधी मित्रांशी भांडून घ्या!